कादंबरी उघडपणे वाचू द्या
(स्नेहसंमेलनानिमित्त कान्हे येथे पालक व विद्यार्थ्यांसमोर केलेले भाषण)





आजच्या प्रसंगी शिक्षणाचे महत्त्व, परीक्षेची तयारी, नोकरीच्या वाटा अशा विषयांवर बोलण्याची प्रथा आहे. ते विषय महत्त्वाचे आहेतच. परंतु मी आज एका साध्या आणि थोड्या बदनाम गोष्टीविषयी बोलणार आहे. ती गोष्ट म्हणजे कादंबरी. अभ्यासाला लावलेली कादंबरी नव्हे, तर केवळ आवड म्हणून, आनंदासाठी हाती घेतलेली कादंबरी.

आपल्या घरांत कादंबरीचे स्थान काय आहे? मुलाच्या हातात गणिताचे पुस्तक दिसले की अब्बांना समाधान वाटते. कादंबरी दिसली की विचारले जाते, “अभ्यास संपला का?” मुलीच्या हातात दिसली तर आवाज आणखी चढतो आणि त्यातही ती प्रेमकथा असली तर पुस्तक थेट कपाटाच्या वर जाते. मग मुले काय करतात? वाचायचे सोडत नाहीत. भूगोलाच्या पुस्तकात लपवून वाचतात, गोधडीत शिरून वाचतात, आजच्या काळात मोबाईलवर वाचतात. फरक एवढाच पडतो की ती काय वाचतात हे आपल्याला कळेनासे होते आणि वाचलेल्याविषयी बोलायला त्यांना घरात कोणी उरत नाही. माझ्या मते खरे नुकसान इथे आहे.

काही वडीलधारी मंडळी म्हणतील की कथाकादंबऱ्या ही बाहेरून आलेली चैन आहे, आपल्या दीनदार घरांत तिचे काय काम? त्यांना मी अदबीने दोन गोष्टींची आठवण करून देतो. कुरआन शरीफमध्ये हजरत यूसुफ अलैहिस्सलाम यांचा वृत्तान्त सांगताना त्याला ‘अहसनुल कसस’, म्हणजे सर्वांत सुंदर कथन, म्हटले आहे. तो वृत्तान्त सत्य आहे, कादंबरी कल्पित असते, ही दोन्ही एका तागडीत घालण्याचा माझा हेतू नाही. पण माणसाचे मन कथेच्या वाटेने लवकर उघडते, ही गोष्ट आपल्या परंपरेला कधी परकी नव्हती. दुसरी गोष्ट आपल्या दख्खनची. विजापूरच्या आदिलशाही दरबारातील कवी नुसरती याने १६५७ मध्ये ‘गुलशन-ए-इश्क’ हे काव्य लिहिले. त्यात मनोहर आणि मधुमालती यांच्या प्रीतीची कथा आहे. कथा या देशातली, लिहिणारा मुसलमान आणि भाषा दख्खनी, म्हणजे आपल्यापैकी कित्येकांच्या घरात दादी-नानी बोलतात त्याच बोलीचे जुने रूप. तेव्हा प्रेमकथा आपल्या घरात काल-परवा शिरली, असे समजण्याचे कारण नाही.

आता उर्दू कादंबरीच्या जन्माकडे पाहू. डिप्टी नजीर अहमद यांना आपल्या मुलींना वाचायला द्यावे असे पुस्तक मिळेना. म्हणून त्यांनी स्वतःच लिहायला घेतले, आणि त्यातून १८६९ मध्ये ‘मिरातुल उरूस’ प्रसिद्ध झाले. अकबरी आणि असगरी या दोन बहिणींची ती कथा. थोरली हट्टी व आळशी, धाकटी समंजस व शिकलेली. ही असगरी घर तर सावरतेच, शिवाय मोहल्ल्यातल्या मुलींना घरी बोलावून शिकवते. सरकारने या पुस्तकाला एक हजार रुपयांचे बक्षीस दिले. सुमारे दीडशे वर्षांपूर्वीची ही गोष्ट. मुलींच्या शाळेची आपल्या समाजात फारशी कल्पना नव्हती, तेव्हा एका बापाने लेकींसाठी गोष्ट लिहिली आणि त्या गोष्टीत आधी शाळा उघडली! जमिनीवरच्या शाळा पुढे आल्या.

पण त्याच लेखकाचे दुसरे पुस्तक पाहा. ‘तौबतुन नसूह’ या कादंबरीत नसूह नावाचा गृहस्थ महामारीतून वाचतो, त्याला पश्चात्ताप होतो आणि तो सारे घर सुधारायला निघतो. त्याचा थोरला मुलगा कलीम शायरीचा शौकीन. तो बापाच्या हाकेला येत नाही, घर सोडून जातो. मागे नसूह त्याच्या दालनातील पुस्तके काढून जाळून टाकतो. अखेर कलीम परततो तो जखमी होऊन, प्राण सोडण्यासाठीच.

लेकीसाठी पुस्तक लिहिणारा बाप आणि लेकाची पुस्तके जाळणारा बाप, असे दोघे एकाच लेखणीभोवती उभे आहेत. नसूहची तळमळ खोटी नव्हती. मुलगा बिघडू नये असेच त्याला वाटत होते, जसे आपल्यालाही वाटते. पण आगीने पुस्तके संपली, मुलगा जवळ आला नाही. पालकांनी या दोन बापांपैकी कोणाची वाट धरायची, एवढाच आजचा प्रश्न आहे.

कोणी म्हणेल, सगळ्याच कादंबऱ्या काही चांगल्या नसतात. अगदी खरे. मग चांगले-वाईट ठरवायचे कोणी? कायद्याने म्हणाल, तर चंद्रकांत काकोडकर यांचे उदाहरण आहे. ‘रंभा’ मासिकाच्या १९६२ च्या दिवाळी अंकातील त्यांच्या ‘श्यामा’ या कथेवर अश्लीलतेचा खटला झाला. तो थेट दिल्लीपर्यंत गेला आणि १९६९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कथा अश्लील ठरत नाही म्हणून लेखकाला निर्दोष सोडले. गुन्हा आहे की नाही, एवढेच न्यायालय सांगू शकते. आपल्या पंधरा वर्षांच्या मुलीने काय वाचावे हे सांगणे त्याचे काम नव्हे. ते काम घराचे, आणि घराला ते करायचे असेल तर आधी पुस्तक वाचावे लागेल! न वाचता मनाई करणाऱ्या पालकांपेक्षा, स्वतः वाचून “यातले हे मला पटले नाही” असे सांगणाऱ्या आईचा शब्द मुले अधिक मानतात.

निकोप प्रेमकथा मी कोणती म्हणेन? जीत माणसाची किंमत राखली जाते ती. जीत नायक नायिकेच्या ‘नाही’ला नाहीच समजतो ती. जीत लग्नानंतरचे घर, सासू, पैशाची ओढाताण, आजारपण हेही येते आणि प्रेम त्यातून तावून सुलाखून निघते ती. मराठीत ना. सी. फडके, वि. स. खांडेकर यांनी प्रेमकथेला वाचक मिळवून दिले. पेशाने डॉक्टर असलेल्या सुमती क्षेत्रमाडे यांनी स्त्रीच्या सुखदुःखाच्या कादंबऱ्या लिहिल्या. उर्दूत ए. आर. खातून यांच्या ‘शमा’सारख्या कादंबऱ्या शरीफ घरांतून आई आणि मुलगी दोघींनी वाचल्या.

आपल्या निकाहात मुलीला विचारले जाते आणि तिच्या ‘कबूल’ला मोल आहे. परंतु हा प्रश्न कित्येकदा तोंडदेखला होऊन बसतो. मुलगी मान खाली घालते, आपण होकार समजतो. जिने आयुष्यात एकही अशी कथा वाचली नाही, जीत एखादी मुलगी विचार करून होकार देते किंवा विचार करून नकार देते, तिला त्या क्षणी स्वतःचे मन कुठून सापडणार? आणि जो मुलगा फक्त सिनेमातला पाठलाग पाहून मोठा झाला, त्याला होकाराची वाट पाहण्याची अदब कोण शिकवणार? चांगली प्रेमकथा हे काम उपदेश न करता करते. म्हणून मुलींइतकीच ती मुलांनीही वाचावी.

आता ऐतिहासिक कादंबरीकडे वळतो. आपल्या घरांत तिला प्रेमकथेपेक्षा सहज प्रवेश मिळतो, कारण ती दीनाची आणि पूर्वजांची गोष्ट सांगते. उर्दूत तिचा पाया अब्दुल हलीम शरर यांनी घातला. लखनौहून १८८७ मध्ये त्यांनी ‘दिलगुदाज’ मासिक सुरू केले आणि १८८८ मध्ये ‘मलिकुल अजीज वर्जिना’ ही कादंबरी लिहिली. वॉल्टर स्कॉटच्या १८२५ च्या ‘टॅलिस्मन’ मधील मुसलमानांचे चित्र त्यांना खटकले होते. त्यांनी स्कॉटच्या पुस्तकाची होळी केली नाही. त्याच काळावर आपली कादंबरी लिहून उत्तर दिले. विद्यार्थ्यांनो, रागावण्याची ही रीत शिकण्यासारखी आहे.

मात्र अशी कादंबरी वाचताना एक भान हवे. शरर यांची राजपुत्र आणि फिरंगी राजकन्येची प्रेमकथा कल्पित आहे. इतिहासात सापडते ते असे की ११९१ मध्ये तहाची बोलणी चालली असता सुलतान सलाहुद्दीनचा भाऊ अल-आदिल आणि राजा रिचर्डची बहीण जोआना यांच्या विवाहाचा प्रस्ताव पुढे आला होता, पण तो विवाह झाला नाही. कादंबरी वाचून आनंद घ्यावा आणि नंतर इतिहासाचे पुस्तक उघडून खरे किती होते ते तपासावे. या तपासण्यातही मोठी गंमत आहे. नसीम हिजाजी यांच्या ‘मुहम्मद बिन कासिम’, ‘आखरी चट्टान’ अशा कादंबऱ्या आपल्याकडे आवडीने वाचल्या जातात. त्यांतला आवेश तरुण रक्ताला चढतो. पण ज्या पुस्तकात आपले सारे शूर आणि समोरचे सारे कपटी असतात, ते मिटताना स्वतःला विचारावे, की समोरच्या बाजूलाही कुणाची आई वाट पाहत नव्हती काय?

शरर यांनी स्वतः आपल्या माणसांनाही सोडले नाही. त्यांची १८९९ ची ‘फिरदौस-ए-बरीं’ अवश्य वाचावी. अलमूतच्या डोंगरी किल्ल्याभोवतीच्या बातिनी पंथाची ती कथा. हुसेन नावाच्या तरुणाला हरवलेल्या जमुर्रुदची ओढ आहे. बनावट जन्नत दाखवून त्याला भुलवले जाते, आणि गुरूच्या हुकमावर तो निरपराध माणसांचे खून करतो. त्याची श्रद्धा आणि त्याचे प्रेम दोन्ही खरे होते. प्रश्न विचारण्याची शक्ती तेवढी त्याने दुसऱ्याच्या हवाली केली. १२५६ मध्ये मोंगलांनी अलमूत घेतले, तो किल्ला राहिला नाही. पण कोवळ्या पोरांना जन्नतीचे आमिष दाखवून वापरणारी माणसे कोणत्याच काळात संपत नाहीत. दहा व्याख्याने जे सांगणार नाहीत ते ही एक कादंबरी आपल्या मुलांना सांगते.

आणि आपण राहतो कुठे, हेही विसरू नये. कान्हे हे आगगाडीच्या मार्गावरचे लहानसे स्टेशन. एका बाजूला कामशेत, दुसऱ्या बाजूला वडगाव. जानेवारी १७७९ मध्ये याच वडगावला मराठ्यांनी इंग्रजांना कोंडीत पकडून तह करायला लावला. लोहगड, विसापूर तर आपल्या अंगणातले. या मातीचा इतिहास आपलाही आहे. मराठी ऐतिहासिक कादंबरीत आपण परके आहोत असे समजून तिच्यापासून दूर राहू नका. ना. सं. इनामदारांनी १९७० मध्ये ‘शहेनशहा’ लिहून औरंगजेबाला माणूस म्हणून समजून घेण्याचा प्रयत्न केला. विश्वास पाटलांच्या १९८८ च्या ‘पानिपत’ मध्ये मराठ्यांचा तोफखाना सांभाळणारा इब्राहिमखान गारदी भेटतो. जी मुलगी शरर आणि इनामदार दोघांनाही वाचेल, तिला शेजाऱ्याच्या डोळ्यांनी पाहता येईल आणि शेजाऱ्याला आपले सांगताही येईल. १९९० मध्ये सोलापूरला मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, ते अशाच दोन्ही घरांत वावरणाऱ्या मंडळींमुळे.

पालकांना माझ्या विनंत्या थोड्याच आहेत. नमाज, अभ्यास आणि घरकाम यांनंतर रोज अर्धा तास मुलांना त्यांच्या आवडीचे वाचू द्या, आणि त्या अर्ध्या तासाचा हिशेब मार्कांत मागू नका. आठवड्यातून एकदा घरातल्या कोणीतरी एक प्रकरण मोठ्याने वाचावे. दादीला अक्षरओळख नसली तरी तिला कान आहेत, आणि पात्रांची पारख तिला आपल्याहून चांगली आहे. महाराष्ट्रात १९६७ पासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे. जवळच्या ग्रंथालयाचे सभासद व्हा, उर्दू आणि मराठी दोन्ही पुस्तकांची मागणी नोंदवा. मागणीच नसेल तर पुस्तके येणार कशी?

विद्यार्थ्यांनो, पुणे-लोणावळा लोकलने कॉलेजला जाणाऱ्यांना रोज वेळ मिळतो. पिशवीत एक कादंबरी ठेवा. पण ती वर्तमानपत्रात गुंडाळून नेऊ नका. जे पुस्तक अम्मीसमोर धरता येत नाही ते वाचण्याआधी आपल्या मनाला एकदा विचारा, आणि जे धरता येते ते तिलाही वाचायला द्या. तिच्याही तरुणपणी कुणीतरी एखादे पुस्तक कपाटाच्या वर ठेवले असेल.