घरचा धंदा आणि मनावरचा ताण
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मला भाषणाची सवय नाही. सातवीपर्यंत शिकले आणि पुढे शाळा सुटली. तेव्हा बोलण्यात काही उणेअधिक झाले तर सांभाळून घ्या. स्वतःचा व्यवसाय करणाऱ्या बाईच्या मनावर ताण येतो त्यावर बोल, असे अध्यक्षाबाईंनी सांगितले. मी म्हटले, "अहो, मी गृहिणी. माझा कसला व्यवसाय?" त्यावर त्या म्हणाल्या, "रोज ३४ डबे देत होतीस, तो काय भोंडला होता?" म्हणून उभी राहिले आहे.

आपल्या धायरीचे तुम्हाला ठाऊकच आहे. २०१७ साली गाव महानगरपालिकेत गेले, पण इमारती त्याच्या आधीपासूनच उठत होत्या. नऱ्हे, आंबेगाव, वडगाव या बाजूला बाहेरगावची मुले शिकायला येतात, खोल्या घेऊन राहतात. त्यांना घरचे जेवण हवे असते. मी तीन डब्यांपासून सुरुवात केली. तिनाचे नऊ झाले, नवाचे चौतीस. नाही म्हणायला माझी जीभ वळत नसे. कुणाची आई फोनवर म्हणायची, "ताई, बाहेरचे खाऊन पोर आजारी पडते हो," की माझा होकार गेलाच.

पहाटे चारला उठायचे. डब्याला चार म्हणजे १३६ पोळ्या. दोन भाज्या, आमटी, भात. डबे गेले की भांडी, संध्याकाळी मंडई, रात्री निवडणे-टिपणे. रविवारीही डबा असे, कारण त्या दिवशी मुले खोलीवरच असतात. अंग दुखे, त्याचे मला काही वाटत नसे. बाईचे अंग दुखायचेच, असे आपण धरून चालतो. पण पुढे वेगळेच होऊ लागले. फोन वाजला की छातीत धस्स होई. कणकेच्या वासाने मळमळे. एके दिवशी एक मुलगा म्हणाला, "काकू, आज आमटी फार छान झाली," तर मला त्याचा राग आला. कशाचा, ते आजही सांगता येणार नाही. मुलीने नुसती "आई" अशी हाक मारली तरी मी "किती डबे?" असे विचारी. घरात सगळे हसले. मीही हसले.

थोरली मुलगी त्या वर्षी दहावीला होती. साडेचारला उठून ती माझ्याशेजारी पोळ्या भाजायला उभी राही. मी तिला उठवत नव्हते हो, ती आपणहून उठे. पण "नको, जा, झोप," असेही मी म्हटले नाही. पूर्वपरीक्षेत ती गणितात नापास झाली. शाळेत बाईंनी बोलावून घेतले. म्हणाल्या, "ही वर्गात झोपते." परत येताना मी तिला रागे भरणार होते. धारेश्वराच्या देवळापाशी आलो तेव्हा तीच म्हणाली, "आई, उद्याच्या डब्याला वाटाणा आणायचा राहिला." मी तिथेच बसले. माझ्या आईनेही मला शाळा सोड असे कधी म्हटले नव्हते. मीही आपणहूनच भाकऱ्या थापायला बसले होते.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे गेले. रक्त तपासले, सगळे ठीक निघाले. त्यांनी झोप किती होते आणि सुट्टी कधी असते एवढेच विचारले. सुट्टी हा शब्द ऐकून मला हसू आले. याला इंग्रजीत बर्नआउट म्हणतात, असे त्यांनीच सांगितले. आपल्याकडे जीव विटला म्हणतात, तेच. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली त्याची नोंद घेतली. तो रोग नव्हे, कामाचा ताण फार दिवस आवरता आला नाही म्हणजे येणारी अवस्था आहे, असे त्यात म्हटले आहे. त्याच्या तीन खुणा: अंगातले बळ सरते, कामाविषयी मन उठते, आणि आपल्या हातून काही धड होत नाही असे वाटू लागते. तिन्ही माझ्यात होत्या. नोकरी करणारा माणूस निदान कचेरीतून घरी येतो. आपली कचेरी म्हणजे आपलाच ओटा, तिथून उठून जायचे कुठे? आणि ज्या बाईला रात्र रात्र झोप नाही, जगणेच नकोसे वाटते, तिने माझ्या बोलण्यावर थांबू नये. डॉक्टरांना गाठावे. १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी फोन आहे, मराठीत बोलता येते आणि पैसे पडत नाहीत.

आता हिशेब. तो मी आधी केलाच नव्हता. आमच्या ह्यांनी एका रविवारी वही घेऊन बसवले. ३४ डबे, ७० रुपये दर, म्हणजे दिवसाचे २३८० रुपये. वाणसामान, भाजी, गॅस मिळून डब्याला ४५, ते १५३० गेले. पोहोचवणाऱ्या मुलाचे डब्यामागे १०, म्हणजे ३४०. उरले ५१०. माझे तास ११. म्हणजे तासाला ४६ रुपये. आपल्या गल्लीत पोळ्या करायला जाणारी बाई तासाला १०० रुपये घेते. मी माझी मालकीण, पण मोलकरणीला देतात त्याच्या निम्मेही मी मला देत नव्हते. आणि मुलीचे तास यात धरलेलेच नाहीत.

माझ्यापेक्षा कितीतरी मोठे ओझे वाहणाऱ्या बायका मुंबईच्या गिरणगावात होत्या. लालबाग-परळला कोकणातून, घाटावरून आलेले गिरणीकामगार एकटे राहत. खानावळवाल्या बायका त्यांना जेवू घालत. जेवणाचे पैसे पगार झाल्यावर मिळायचे, वाणसामान मात्र रोज लागायचे. मग वाण्याची उधारी, सावकाराचे व्याज, दागिना गहाण. गिरणीत संप झाला की येणे थांबे, चूल थांबत नसे. त्यांच्यासाठी प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढले. त्या मूळच्या गोव्याच्या, गोवामुक्तीच्या लढ्यातल्या, पुढे कामगार चळवळीत आलेल्या. १९६९ साली मोठ्या बँका सरकारच्या झाल्या होत्या. त्या बँकांकडून सुरुवातीला १४ जणींच्या गटाला कर्ज मिळाले. तारण काय, तर एकमेकींची जामीनकी. प्रेमाताईंना २००२ साली पद्मश्री मिळाली. त्यांच्या कन्या मेधाताई पुरव-सामंत यांनी बँकेतली नोकरी सोडून १९९३ पासून आपल्या पुण्यात हेच काम वाढवले. कर्जाबरोबर पाळणाघरे काढली, आजारपणासाठी सर्वांचा मिळून निधी केला. मला त्यातले हे पाळणाघर आणि निधी फार मोठे वाटतात. स्वयंपाक तर तेवढाच करायचा होता. पण बाई आजारी पडली तर काय, मूल कुठे ठेवायचे, वाणी दारात आला तर काय, हा घोर एकटीचा राहिला नाही.

कुणी म्हणेल, थांबलो तर गिऱ्हाईक जाईल. लिज्जत पापड १५ मार्च १९५९ ला गिरगावात सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन सुरू केला. पहिल्याच पावसाळ्यात पापड वाळेनात म्हणून चार महिने काम बंद ठेवावे लागले. बुडाला का लिज्जत?

मी काय केले ते सांगते. २० डबे ठेवले, तेही जवळपासचे. दर ८५ केला. तो वाढवला तेव्हा पाच मुले गेली, तीन दिवस मला अन्न गोड लागले नाही. चौथ्या दिवशी लागले. बाकीचे डबे मागच्या सोसायटीतल्या वहिनींना दिले. पोळ्यांना दीड तास बाई ठेवली. आता १७०० येतात, ९०० सामानाला, २०० मुलाला, १५० पोळ्यांच्या बाईला, ४५० उरतात. दिवसाला ६० रुपये कमी आणि तास ११ चे ६ झाले. रविवार बंद. दुपारी दोन ते चार फोन कपाटात. सासूबाई म्हणाल्या, "फोन काय, तूही कपाटात जाऊन झोप."

मुलगी दहावी पास झाली. गुण बेताचेच पडले, त्याचा दोष मी माझ्याकडे ठेवते. आता ती अकरावीला आहे आणि सकाळी सातला उठते.

त्या वहिनींचा आणि माझा एक ठराव आहे. एक आजारी पडली, माहेरी गेली, तर दुसरीने तिचे डबे करायचे, पैसे करणारीचे. गेल्या पावसाळ्यात मला ताप आला तेव्हा पाच दिवस माझे २० डबे त्यांनी केले. एका मुलाने विचारले, "काकू, आमटी वेगळी का?" दोघींच्या आमटीत चिंच आणि आमसूल एवढा फरक आहे.

शिवणकाम, पार्लर, मसाले, फराळ करणाऱ्या आपल्यात पुष्कळ जणी आहेत. असाच ठराव ज्यांना करायचा असेल त्यांनी चहा झाल्यावर नाव सांगावे, मी वही आणली आहे. दिवाळीच्या चकलीच्या ऑर्डरी यंदा मी ३० किलोवर बंद करणार आहे. त्यातल्या १८ किलो आजच झाल्या.