घराचा मान आणि गड्याची वही



माझे शाळेतले शिक्षण सातवीत संपले. पुढचे जे काही झाले ते मागाच्या खडखडाटात आणि रात्री वाचनालयाच्या बाकावर झाले. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा माझ्याकडून कोणी करू नये. तीस वर्षे कामगारांत वावरताना जो प्रश्न पुन्हा पुन्हा समोर आला, तोच आज आपल्यापुढे ठेवतो. ज्या घराचे अन्न खाऊन आपण वाढलो, त्या घराचा डोलारा दुसऱ्याच्या गुलामीवर उभा आहे असे दिसले, तर घरच्या लेकराने इमान कोणाशी राखावे?

गुलामी म्हटले की आपल्याला अमेरिका आठवते. पण भिवंडीपासून डहाणू-तलासरी किती लांब आहे? १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला. तोवर तो सारा मुलूख आपल्याच ठाणे जिल्ह्यात होता. त्या मुलखातल्या वारल्यांना दुसऱ्या महायुद्धाच्या काळापर्यंत वेठ चुकलेली नव्हती. जमीनदाराचा माणूस हाक मारील तेव्हा स्वतःचे शेत टाकून त्याच्या शेतावर जायचे, त्याचे गवत कापायचे, मोबदला मागायचा नाही. याहून वाईट प्रकार लग्नगड्याचा. लग्नासाठी सावकाराकडून पैसे घ्यायचे आणि ते फिटेपर्यंत नवराबायको दोघांनी त्याच्या घरी राबायचे. फिटले की नाही हे वही सांगणार, आणि वही सावकाराच्या हाती. म्हणजे ते कधीच फिटायचे नाही. हे कोणा चळवळ्याने रचलेले नव्हे. सायमिंग्टन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने सरकारसाठी चौकशी करून तसा अहवाल दिला होता.

या मुलखात १९४५ साली एक बाई गेल्या. गोदावरी परुळेकर. जन्म १४ ऑगस्ट १९०७, पुण्याचा, माहेरच्या गोखले. वडील नामांकित वकील, विचाराने नेमस्त. मुलीला त्यांनी कायद्याच्या पदवीपर्यंत शिकवले, आणि त्या काळी हे लहान काम नव्हते. पण मुलगी सत्याग्रहात उतरली आणि १९३२ साली तुरुंगात गेली. वडिलांना ते रुचले नाही. बाप आणि लेक यांच्या वाटा वेगळ्या झाल्या आणि त्या मुंबईस आल्या. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९०५ साली स्थापन केलेल्या भारत सेवक समाजाच्या त्या पहिल्या स्त्री आजीव सदस्य. पुढे १९३९ साली शामराव परुळेकरांशी लग्न झाले आणि दोघेही कम्युनिस्ट पक्षात गेले, म्हणजे तीही वाट मागे राहिली. त्यांच्या पक्षाविषयी या सभागृहात दोन मते असतील; असू द्यात. माझा मुद्दा वेगळा आहे. वडिलांच्या घरी वेठीचे गडी होते असे मी म्हणत नाही. पण वेठीकडे पाठ करून सभ्यपणे जगणारा जो सुशिक्षित समाज होता, तो त्यांचाच. त्याचा मान राखायचा तर गप्प बसणे भाग होते.

गप्प बसले म्हणजे काय होते, ते पाहण्यासाठी मात्र अमेरिकेत जावे लागेल. थॉमस जेफर्सन हे त्या देशाचे थोर मुत्सद्दी. सर्व माणसे समान आहेत, असे सांगणारा १७७६ चा जाहीरनामा त्यांनी लिहिला. आणि त्यांच्याच मालकीत आयुष्यभरात ६०० हून अधिक गुलाम होते. त्यांची थोरली मुलगी मार्था. घरात तिला पॅट्सी म्हणत. आई १७८२ साली गेली, तेव्हापासून वडील हेच तिचे सर्वस्व. पॅरिसमध्ये शिकत असताना, १७८७ साली, चौदा वर्षांच्या या मुलीने वडिलांना पत्र लिहून कळवले की हे सारे गुलाम मुक्त व्हावेत अशी माझी मनापासून इच्छा आहे. पोरीला सारे दिसत होते!

त्याच वर्षी तिच्या धाकट्या बहिणीची दासी म्हणून सॅली हेमिंग्ज ही मुलगी पॅरिसला आली. ती पॅट्सीहून वर्षभराने लहान. सॅली ही पॅट्सीच्या आईची सावत्र बहीण, म्हणजे आपल्या भाषेत पॅट्सीची सख्खी नसली तरी मावशीच. अशी ही मावशी भाचीच्या बापाची मालमत्ता होती. पुढे सॅलीला जी मुले झाली ती जेफर्सन यांचीच, असा बोभाटा १८०२ साली वृत्तपत्रात झाला. आपला बाप कोण, हे सॅलीच्या मुलाने, मॅडिसनने, १८७३ साली छापून सांगितले. १९९८ साली झालेल्या रक्ताच्या तपासणीनेही त्याच घराण्याकडे बोट दाखवले.

पॅट्सीने काय केले? १७९० साली तिचे लग्न झाले आणि आंदणात जमिनीबरोबर गुलामही आले. १८२६ साली वडील वारले, ते एक लाख डॉलरहून अधिक कर्ज मागे ठेवून. ते फेडण्यासाठी १८२७ च्या जानेवारीत १३० माणसे लिलावात उभी केली गेली. मरणापूर्वी पॅट्सीने आपल्या दोन मुलांना जवळ बोलावले आणि आजोबांच्या नावाला बट्टा लागू देऊ नका, असे बजावले, अशी आठवण तिच्याच मुलाने सांगून ठेवली आहे. चौदाव्या वर्षी जिने मुक्ती मागितली, तिचा शेवटचा निरोप घराण्याच्या अब्रूचा होता. मी तिला दुष्ट म्हणत नाही. बापावर माया करणे हा काही गुन्हा नव्हे. पण ज्यांचा लिलाव झाला त्यांना त्या मायेचा काय उपयोग झाला?

आता पुन्हा आपल्या जिल्ह्यात येऊ. ७ जानेवारी १९४५ रोजी टिटवाळ्याला किसान सभेची परिषद भरली. उंबरगावकडचे थोडे वारली तिथवर आले होते. माह्या धांगडा त्यांतलेच. त्यांच्या बोलावण्यावरून परुळेकर दांपत्य त्या भागात गेले. २३ मे १९४५ रोजी झरी गावी सुमारे ५,००० वारली जमले आणि त्यांनी ठरवले की वेठ करायची नाही, आणि दिवसाला रोख १२ आणे मिळाल्याशिवाय जमीनदाराच्या शेतावर पाऊल ठेवायचे नाही. मग वारली गावोगाव गेले आणि लग्नगड्यांना घरी घेऊन आले. पावसाळा सरताना गवतकापणीचा संप झाला. मागणी होती ५०० पौंडांना अडीच रुपये. ऑक्टोबर १९४५ मध्ये तलवाड्याला जमलेल्या वारल्यांवर गोळीबार झाला, पाच जण ठार झाले. जेठ्या गांगड हे नाव तेव्हापासून त्या भागात विसरले गेलेले नाही. वेठ मोडली ती वारल्यांनी. बाईंनी त्यांना सोडवले असे म्हणणे त्या पाच जणांवर अन्याय होईल. बाईंचे मोठेपण एवढेच की त्या तिथे हजर होत्या, आणि १९७० साली ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक लिहून त्यांनी सारे उघड मांडले.

कोणी म्हणेल, झाले ते झाले, आता कायदा आहे. आहे खरा. राज्यघटनेच्या २३ व्या कलमाने वेठीला मनाई केली आहे. १९७६ च्या कायद्याने वेठबिगारीचे कर्जच रद्द केले. किमान वेतनाहून कमी पैशांत राबवणे हीसुद्धा वेठच, असे १९८२ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. पण आपल्या तालुक्यातल्या वीटभट्टीवर जाऊन पाहा. पावसाळ्यात कातकऱ्याला खावटी द्यायची आणि दिवाळीनंतर त्याच्या सबंध घराने ती भट्टीवर फेडायची. मागाच्या खात्यात तिलाच उचल म्हणतात.

काही वर्षांपूर्वी एका कारखानदाराची मुलगी मला भेटायला आली. कॉलेजात हिशेबशास्त्र शिकत होती, सुट्टीत वडिलांच्या वह्या लिहीत होती. एका कामगाराने बहिणीच्या लग्नासाठी उचल घेतलेली, तीन वर्षे दर पगारातून कापून घेतलेली, आणि तरी आकडा होता त्याहून वाढलेला. तिने वडिलांना विचारले. ते म्हणाले, “बेटा, तुझी फी याच वहीतून भरली.” मुलगी माझ्यापुढे रडली. म्हणाली, “काका, मी बाबांच्या विरुद्ध जाऊ का?”

मी तिला एवढेच सांगितले, “विरुद्ध जाऊ नकोस. ज्याचे नाव त्या पानावर आहे त्याला समोर बसव आणि ते पान मोठ्याने वाचून दाखव.” तिने तसे केले. किमान वेतनाने हिशेब मांडला तर देणे कामगाराचे नव्हते, कारखान्याचे होते. वडील तिच्याशी दोन महिने बोलले नाहीत. पण ते पान फाडले गेले, आणि ती मुलगी आजही त्याच घरात राहते.

गोदावरीबाईंसारखे घर सोडणे सर्वांना जमणार नाही, आणि सर्वांनी सोडावे असेही नाही. पण या सभागृहात कारखानदार आहेत, भट्टीवाले आहेत, त्यांची शिकलेली मुले-मुली आहेत. त्यांना माझी हात जोडून विनंती आहे. घरातली वही उघडा. ज्याच्या नावावर आकडा आहे, त्याच्यासमोर ती वाचा. वाचताना जीभ अडखळली, तर घराच्या मानाला काय जपावे लागते आहे ते तिथेच कळेल. आणि न अडखळता वाचता आली, तर त्या घराचा मान राखायला कोणाला काही लपवावे लागणार नाही.