काकांचा सर्व्हे आणि माझा सातबारा

धंद्यासाठी ऑनलाइन सर्व्हे करायचा तर सॉफ्टवेअर कुठलं घ्यावं, असं बरेच जण विचारतात. आधी माझी फजिती ऐका.

आमचं गाव चारठाणा, जिंतूर तालुका, जुन्या हेमाडपंती मंदिरांचं. तिथं काकांचं कृषी सेवा केंद्र आहे. त्यांना सोयाबीनचं बियाणं साफ करायचं मशीन घ्यायचं होतं, तेही कर्ज काढून. सोयाबीन सरळ वाणाचं असतं, म्हणून घरचं राखून पुन्हा पेरता येतं. पण ते साफ करून घ्यायला पैसे कोण देणार? काका म्हणाले, "तू इंजिनिअर ना, लाव काहीतरी."

मी पुण्यात बसून एका रात्रीत गूगल फॉर्म केला. फुकट, मराठी चालतं, उत्तरं थेट शीटमध्ये. वर हुशारी म्हणून सातबाऱ्याचा फोटो अपलोड करायला लावला. तिथंच माती खाल्ली! फाइल मागितली की भरणाऱ्याला गूगल खात्यात लॉगिन करावं लागतं. 'एकदाच उत्तर' ही सेटिंग लावली तरी तेच. गावात कित्येकांचं खातं मोबाईलवाल्यानं काढून दिलेलं, पासवर्ड कुणाला ठाऊक?

फॉर्म भरला तो पुण्या-संभाजीनगरात नोकरी करणाऱ्या आमच्या पोरांनी. 'मशीन आणलं तर वापराल का?' सगळे 'हो'! काकांनी शीट बघितली. "लेका, यात माझं गिऱ्हाईक कुठंय? अन् सातबारा कशाला मागितलास, मी काय तलाठी हाय?"

मग ओडीके घेतलं. 2008 साली वॉशिंग्टन विद्यापीठात सुरू झालेलं, ओपन सोर्स. प्रश्न एक्सेलमध्ये लिहायचे, अँड्रॉइड अ‍ॅपवर नेट नसतानाही भरायचे, रेंज आली की पाठवायचे. सर्व्हर मात्र आपण चालवायचा, नाहीतर भाड्यानं घ्यायचा. हे झंझट ज्याला जमत नाही त्यानं लॉगिन न मागणारा गूगल फॉर्मच ठेवावा. खरं सांगू? काकांचं काम वहीतही झालं असतं.

चुलतभाऊ आठवडी बाजारात फोन घेऊन बसला. तो विचारायचा, समोरचा सांगायचा. सातबारा गेला, फोन नंबरही गेला. वापरायचाच नव्हता तर घ्यायचा कशाला? प्रश्नही बदलले. गेल्या मृगात पेरलेलं बियाणं घरचं की पिशवीचं? साफ कुणी केलं? त्याला किती पैसे दिले?

घरचं बियाणं पुष्कळांकडं निघालं. पण साफ केलं घरातल्या बायांनी, चाळणी न् सूप घेऊन. शेवटच्या प्रश्नाला बहुतेकांचं उत्तर शून्य.

काकांनी कर्जाचा अर्ज थांबवलाय. या हंगामापुरतं मशीन भाड्यानं आणायचं म्हणतायत. आणि मला बजावलंय, पुढचा फॉर्म गावाकडं येऊनच करायचा.