ग्रामीण घरातील समलिंगी मुलगा आणि आपले कुमारसाहित्य



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या आपल्या मुख्याध्यापक गुरुजींच्या नावाने बोलावयास उभे राहणे हा मी माझा बहुमान समजतो. गुरुजींची एक सवय आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. ग्रंथालयाचे कपाट ते दुपारच्या सुटीत उघडे ठेवीत आणि स्वतः पाठमोरे बसत. कोणता मुलगा कोणते पुस्तक उचलतो, हे पाहावयाचे नाही, असा त्यांचा नेम होता. आज मी ज्या विषयावर बोलणार आहे, त्यावरचे पुस्तक त्या कपाटात नव्हते. आजही ते आपल्या बहुतेक शाळांत नाही. ग्रामीण घरात वाढणारा, आणि आपले मन मुलीकडे नव्हे तर मुलाकडे ओढ घेते असे ज्याला कळू लागले आहे, असा पंधरा वर्षांचा मुलगा आणि त्याच्यासाठीची गोष्ट, हा आजचा विषय.

हा विषय मी का निवडला, हे आधी प्रांजळपणे सांगितले पाहिजे. सुमारे तीस वर्षांपूर्वी मी निपाणीकडच्या एका शाळेत मराठी शिकवीत होतो. दहावीच्या वर्गातील एका मुलाच्या निबंधाच्या वहीत मला एक कागद सापडला. वर्गातल्याच दुसऱ्या मुलाला लिहिलेले ते पत्र होते. त्यात अश्लील काही नव्हते. तू दोन दिवस आला नाहीस, तर शाळा रिकामी वाटली, एवढाच त्याचा आशय. मी मात्र वडिलांना बोलावून तो कागद त्यांच्या हातावर ठेवला. तंबाखूची शेती करणारा तो साधा माणूस काही बोलला नाही. त्याने मुलाचे दप्तर उचलले. मुलगा परीक्षेला बसलाच नाही. त्याच वर्षी त्याला इथे, उद्यमबागेतल्या एका कारखान्यात कामाला लावण्यात आले.

पुढे बऱ्याच वर्षांनी पंपाचा एक भाग कातून घेण्यासाठी मी याच वसाहतीत आलो, तेव्हा लेथवर तोच उभा होता. त्याने मला ओळखले, चहा मागवला. त्याने लग्न केले नव्हते. धाकट्या भावंडांची शिक्षणे मात्र केली होती. निघताना तो म्हणाला, "सर, तवा त्या कागदातल्या शुद्धलेखनाच्या चुका तेवढ्या काढून परत दिला असतासा, तर लई बरं झालं असतं बगा." त्याच्या परवानगीने आणि नावगाव वगळून मी हे सांगत आहे. त्या वाक्याचे उत्तर माझ्यापाशी नाही. आजचे हे भाषण म्हणजे त्या उत्तराचा शोध आहे.

मी तेव्हा असा का वागलो? मी दुष्ट होतो असे मला वाटत नाही. माझे वाचन तोकडे होते. या मुलाकडे कसे पाहावे, हे शिकवणारी एकही गोष्ट मी वाचलेली नव्हती. म्हणून आपल्या साहित्याने या मुलाविषयी काय सांगितले आहे, ते आपण जरा तपासून पाहू.

आपला हा सीमाभाग ग्रामीण साहित्याच्या दृष्टीने दरिद्री नाही. निपाणीच्या शेजारी कागल. तेथले आनंद यादव. त्यांच्या 'झोंबी'ने (१९८७) शिक्षणासाठी बापाशी झगडणारा शेतकऱ्याचा पोर मराठीत अजरामर केला. त्याआधी 'नटरंग'मध्ये (१९७८) त्यांनी तमाशात नाच्याचे काम पत्करणाऱ्या गुणाची कथा सांगितली. कुस्तीचे शरीर असलेला, बायकापोरांचा धनी असा हा पुरुष केवळ रंगमंचावर बायकी हावभाव करतो, म्हणून घर आणि गाव त्याला पारखे होते. निपाणीहून पलीकडे गडहिंग्लजचा मुलूख. तेथले राजन गवस. सौंदत्तीच्या यल्लम्माला सोडलेल्या जोगतिणी आणि जोगते यांचे जिणे त्यांनी 'चौंडकं' व 'भंडारभोग' या कादंबऱ्यांतून मांडले. या दोन कादंबऱ्या आणि चारुता सागर यांची 'दर्शन' ही कथा यांच्या आधारे २००९ साली 'जोगवा' हा चित्रपट आला. त्यातला तायप्पा लुगडे नेसतो ते देवीच्या नावाने गावाने लादले म्हणून. त्याचे मन मात्र सुली या जोगतिणीवर जडलेले असते.

श्रोतेहो, येथे थोडे थांबावयास हवे. गुणा काय किंवा तायप्पा काय, हे दोघेही समलिंगी नाहीत. पुरुष म्हणून घडलेल्या माणसाला समाज 'बायल्या' ठरवतो आणि मग त्याचे काय होते, हे या थोर कलाकृतींनी दाखवले. म्हणजे आपल्या साहित्याने कलंक रंगवला; परंतु ज्या ओढीपायी एरवी तो कलंक लागतो, ती ओढ काही रंगवली नाही. घुंगरू आणि लुगडे हे दोनच वेश या मुलासाठी आपल्या कल्पनेत शिल्लक राहिले. माझा विद्यार्थी यांपैकी कोणत्याच वेशात नव्हता. तो खाकी चड्डी आणि पांढरा सदरा घालून तिसऱ्या बाकावर बसत असे. तो मला दिसला नाही, याचे कारण मी लुगडे शोधत होतो.

ही गल्लत केवळ वाङ्मयीन नव्हे, तिची किंमत मुले मोजतात. मुलगा जरा हळुवार चालला, मुलींत रमला, की घरचे धास्तावतात. कोणी देवऋषी गाठतो, कोणी देवीचे म्हणतो. देवीला मुली सोडण्याच्या प्रथेला कर्नाटकात १९८२ च्या कायद्याने बंदी झाली, पण भीतीला कायद्याने बंदी घालता येत नाही. ज्या घराला दुसरे कोणतेच स्पष्टीकरण ठाऊक नसते, ते घर जुन्याच स्पष्टीकरणाकडे वळते.

शहरी मराठीत या विषयाचा उच्चार झाला, नाही असे नाही. विजय तेंडुलकरांचे 'मित्राची गोष्ट' हे नाटक १९८१ साली रंगभूमीवर आले. त्यातली नायिका मुलीवर प्रेम करते, आणि तिची कथा आत्मनाशात संपते. सचिन कुंडलकरांची 'कोबाल्ट ब्ल्यू' २००६ साली प्रसिद्ध झाली. घरात भाड्याने राहावयास आलेल्या एकाच तरुणात गुंतलेले भाऊ आणि बहीण तिच्यात आहेत; आणि ती पांढरपेशा शहरी घराची कथा आहे. पुण्यात २००२ साली 'समपथिक ट्रस्ट' स्थापन करणारे बिंदुमाधव खिरे यांनी 'पार्टनर' ही कादंबरी लिहिली आणि 'मनाचिये गुंती'त पालकांची व नातलगांची कथने एकत्र केली. या सर्व लेखनाचे ऋण मान्य करूनही म्हणावे लागते की, तंबाखूच्या वखारीत आई आणि शिवारात बाप असलेला मुलगा त्यांत स्वतःला पाहू शकत नाही.

आपल्या राज्याची भाषा या बाबतीत एक पाऊल पुढे गेली. संडूरसारख्या लहान गावात वाढलेले कन्नड कथाकार वसुधेंद्र यांचा 'मोहनस्वामी' हा कथासंग्रह २०१३ साली आला. त्यातली एक कथा त्यांनी आधी टोपणनावाने छापली होती. पुढे नावानिशी पुस्तक काढण्याचे धैर्य त्यांनी दाखवले. भाषेच्या प्रश्नावर आपण या भागात पिढ्यान् पिढ्या भांडत आलो. पण या मुलापुरते पाहिले, तर दोन्ही भाषांची गत बराच काळ सारखीच होती. दोहोंत त्याच्यासाठी शिवी होती, शब्द नव्हता.

शब्द नसणे म्हणजे काय, हे ग्रामीण घरात विशेष जाणवते. शहरातल्या मुलाला निदान गर्दीचा आडोसा असतो. गावात तसा आडोसा नाही. तेथे माजघरात सगळे एका ओळीत झोपतात, पत्र आले तर आधी गल्ली वाचते, आणि दहावी झाली की पाहुणेरावळे पोराच्या लग्नाचा हिशेब मांडू लागतात. त्या हिशेबात जमिनीची वाटणी असते, बहिणीचे स्थळ असते, म्हाताऱ्यांची देखभाल असते. म्हणून या मुलाचे गुपित त्याच्या एकट्याचे राहत नाही. त्याच्यावर सारे घर उभे असते. आणि हेच घर त्याला हवेही असते. त्याला पळून जावयाचे नसते, त्याला जेवणाच्या पंगतीत बसून खरे बोलावयाचे असते. कथाकाराला याहून समृद्ध सामग्री कोणती हवी?

रोहन परशुराम कानवडे यांच्या 'साबर बोंडं' या मराठी चित्रपटाने हे ओळखले. २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेतील सनडान्स महोत्सवात जागतिक कथापटांच्या विभागाचे सर्वोच्च पारितोषिक त्याला मिळाले. वडील वारल्यावर दहा दिवसांच्या सुतकासाठी मुंबईहून गावी आलेला आनंद, शेतात राबणारा त्याचा बालमित्र, लग्नाचा घोशा लावणारे भाऊबंद, आणि मुलाचे मन जाणणारी आई. आरडाओरडा नाही, कोणी खलपुरुष नाही. तथापि आनंद तिशीतला आहे. मी ज्याच्यासाठी गोष्ट मागतो आहे, तो त्याच्या निम्म्या वयाचा आहे आणि त्याच्या हातात पगार नाही.

अशी कुमारकथा कशी लिहावी? त्याचा नमुना आपल्या बेळगावातच आहे. इंदिरा संतांचे चिरंजीव प्रकाश नारायण संत यांनी 'वनवास' (१९९४), 'शारदा संगीत' (१९९७) आणि 'पंखा' (२००१) या संग्रहांतून लंपन हा मुलगा उभा केला. आजीआजोबांकडे वाढणारा, कानडी-मराठीच्या सरमिसळीत जगणारा हा पोर सुमी दिसली की हरखतो, आणि आपल्याला काय होते आहे हे त्याला सांगता येत नाही. संतांनी त्या हरखण्याला नाव दिले नाही, त्यावर प्रवचन केले नाही. आता कल्पना करा की, तेच हरखणे, तीच कोवळीक, परंतु सुमीच्या जागी शेजारच्या बाकावरचा मुलगा. एवढाच बदल. लंपनवर माया करणारे आपण वाचक त्या दुसऱ्या मुलाला दूर लोटू काय? मला वाटते, लोटू शकणार नाही. साहित्याची हीच शक्ती आहे.

पाश्चात्त्य कुमारसाहित्याने या वाटेवरच्या ठेचा आधीच खाल्ल्या आहेत. अमेरिकेत १९६९ साली जॉन डोनोव्हन यांच्या कादंबरीत दोन मुलांचे असे प्रेम प्रथम आले. पण लगोलग नायकाचा लाडका कुत्रा अपघातात मरतो आणि ही आपल्याला मिळालेली शिक्षा असे त्या पोराला वाटते. १९८२ साली नॅन्सी गार्डन यांच्या 'अ‍ॅनी ऑन माय माइंड'मध्ये दोन मुलींची ताटातूट होऊनही शेवट मिलनाच्या आशेवर होतो. कॅन्सस राज्यातील ओलेथच्या शाळांनी ते पुस्तक कपाटातून काढले, तेव्हा विद्यार्थी आणि पालक न्यायालयात गेले व १९९५ च्या निकालाने ते परत आले. आपल्याकडे २०१४ साली पायल धर आणि हिमांजली शंकर यांच्या अशा दोन कुमारकादंबऱ्या निघाल्या. दोन्ही इंग्रजी, दोन्ही शहरी.

तेव्हा आपल्या लेखकांकडे माझी पहिली मागणी अशी की, या गोष्टीतला मुलगा मरू नये. आजवर त्याला फार वेळा मारून झाले. दुसरी मागणी, घराला खलनायक करू नये. न समजणारा बापही त्यात माणूस म्हणूनच यावा. तिसरी, ती निपाणी-बेळगावच्या बोलीत असावी, म्हणजे मुलाला आपलेच कोणीतरी बोलते आहे असे वाटेल.

"अशाने मुलांच्या डोक्यात भलते भरेल," असा आक्षेप येईल. तो कुत्सित नाही, काळजीतून येतो, म्हणून त्याचे उत्तर दिले पाहिजे. माझ्या विद्यार्थ्याने असे एकही पुस्तक वाचलेले नव्हते. तरी त्याने तो कागद लिहिला. पुस्तकाने ओढ निर्माण होत नाही. एकाकीपण मात्र पुस्तकाने कमी होते. समलैंगिकता हा आजार नव्हे, हे जागतिक आरोग्य संघटनेने १९९० सालीच मान्य केले. १८६० च्या दंड संहितेतले कलम ३७७ प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना लागू होणार नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी दिला. दुसऱ्या दिवशीचे वर्तमानपत्र वाचून, आपण गुन्हेगार नव्हतो हे आपल्याला प्रथम कळले, असे लेथवरच्या त्या माणसाने मला सांगितले. तोवर त्याची तारुण्याची वर्षे निघून गेली होती. जे वर्तमानपत्राने इतक्या उशिरा सांगितले, ते शाळेच्या कपाटातल्या एका गोष्टीने पंधराव्या वर्षीच सांगितले असते.

येथे जमलेल्या माजी विद्यार्थ्यांपैकी कित्येकांचे याच उद्यमबागेत कारखाने आहेत, कित्येक तेथे काम करतात. खानापूर, चिकोडी, निपाणीकडून येणारी मुले तुमच्या यंत्रांवर उभी असतात. त्यांतल्या एखाद्याने दप्तर का सोडले, हे तुम्हांला ठाऊक नसेल. त्याला विचारू नका. पण कारखान्यात त्याच्या चालण्यावरून कोणी टिंगल केली, तर ती तेथेच थांबवा. शिक्षक मित्रांना माझी विनंती याहून लहान आहे. वहीत असा कागद सापडला, तर शुद्धलेखनाच्या चुका तेवढ्या दाखवा आणि तो ज्याचा त्याला परत द्या.

आणि ती गोष्ट लिहिली जाईल, तेव्हा तिची एक प्रत गुरुजींच्या त्या कपाटात ठेवा. मग दुपारच्या सुटीत कपाट उघडे ठेवून, गुरुजींसारखेच पाठमोरे बसा.