डेंट्रीच्या अरण्यांतील अर्धा दिवस

ऑस्ट्रेलियाच्या ईशान्येस क्वीन्सलंड प्रांतांत डेंट्री नांवाची नदी डोंगरांतून निघून प्रवाळ समुद्रास मिळते. तिच्या परिसरांतील वर्षावन जगांतील अतिप्राचीन अरण्यांत गणलें जातें. केर्न्झ शहराच्या उत्तरेस सुमारें ७५ किलोमीटरांवर मॉसमन गांव आहे. तेथून वाटाड्याबरोबर निघालेला प्रवासी अर्ध्या दिवसांत अरण्य आणि नदी दोन्ही पाहून परत येऊं शकतो. एवढ्या अल्प वेळांत अरण्य काय कळणार, अशी शंका श्रोत्यांस येईल. झाडें मोजावयास तो वेळ खरोखरच अपुरा आहे. परंतु अरण्य पाहावें कसें, एवढें शिकावयास तो पुरेसा आहे.

मॉसमनच्या दरींत वाटाड्या बहुधा कुकू यालंजी या मूळच्या रहिवासी लोकांपैकीं असतो. आंत शिरण्यापूर्वीं तो लहानसा विस्तव पेटवितो आणि पाहुण्यांस त्याच्या धुरांतून नेतो. दुसऱ्याच्या घरीं जातांना उंबरठ्याशीं थांबून हांक मारावी, तसाच हा रिवाज आहे. अरण्याला धनी आहे, ही पहिली गोष्ट पाहुण्यास येथें कळते.

आंत ऊन क्वचितच भुईपर्यंत पोंचतें. वाटेवर कोंकणांतील वेताचा भाऊबंद शोभेल असा एक कांटेरी वेल लोंबत असतो. त्याचे आंकडे कपड्यांत अडकले कीं माणसास थांबावेंच लागतें, म्हणून गोऱ्या वसाहतकारांनीं त्यास ‘थांब जरा’ असें नांव दिलें. जिंपी-जिंपी नांवाचें झुडूप याहून वाईट. त्याच्या हृदयाकृति पानांवरील सूक्ष्म केस कातडींत रुतले कीं आपली खाजकुइली बरी वाटावी. त्यांची वेदना कधीं कधीं महिनेच्या महिने उलटून येते. वाटाड्या तें दुरूनच दाखवितो. दुसऱ्या एका झाडाचा पाला पाण्यांत चोळून तो साबणासारखा फेंस काढतो आणि हात धुऊन दाखवितो.

मग तो ‘ब्लॅक बीन’ या झाडाची टपोरी बी हातांत घेतो. ती कच्ची खाल्ली तर विषारी. परंतु तिचे काप करून वाहत्या पाण्यांत कित्येक दिवस ठेवले आणि नंतर भाजले, म्हणजे तिचेंच अन्न होतें. हें ज्ञान किती पिढ्यांनीं किती किंमत देऊन मिळविलें असेल! अशा ज्ञानावांचून काय घडतें, याचें उदाहरण याच मुलुखांत आहे. १९७१ सालीं येथील एका कुरणांत कांहीं गुरें अकस्मात् मेलीं. त्यांच्या पोटांत मोठमोठ्या अनोळखी बिया सांपडल्या. त्या ज्या झाडाच्या होत्या, त्याची वनस्पतिशास्त्रज्ञांस १९०२ सालीं ओळख झाली होती. पण पुढें तें नाहींसेंच झालें, असा समज होता. इडिओस्पर्मम हें त्याचें शास्त्रीय नांव. सपुष्प वनस्पतींच्या अत्यंत जुन्या वंशांपैकीं तें एक आहे.

या अरण्याचा माळी म्हणजे कॅसोवरी पक्षी. हा माणसाएवढा उंच असून त्यास उडतां येत नाहीं. तो फळें सबंध गिळतो आणि त्यांच्या बिया दूरवर विष्ठेंतून टाकतो. कांहीं बिया इतक्या मोठ्या असतात कीं, त्या वाहून नेणारा दुसरा प्राणी तेथें क्वचितच मिळेल. अंडीं उबविणें आणि पिलें वाढविणें हीं दोन्ही कामें नरच करतो.

येथून मंडळी नदीकडे वळतात. होडी संथपणें कांदळवनाच्या कडेनें जाते. कोंकणच्या खाडीकांठच्या तिवरांची जात तेथेंही आहे. चिखलांतून वर आलेलीं त्यांचीं श्वासमुळें ओहोटीच्या वेळीं स्पष्ट दिसतात. या मुळांच्या आडोशास माशांचीं पिलें वाढतात, आणि त्याच पाण्यांत खाऱ्या पाण्यांतील मगर राहते. थंडीच्या दिवसांत ती चिखलावर ऊन खात पडते. एरवीं पाण्यावर केवळ डोळे आणि नाकपुड्या दिसतात. काठावर मासे साफ करूं नयेत, रोज एकाच ठिकाणीं पाणी भरूं नये, होडीबाहेर हात काढूं नये, असे नियम नावाडी सांगतो. कातड्यासाठीं झालेल्या शिकारीनें या मगरी फारच विरळ झाल्या होत्या. १९७४ सालीं क्वीन्सलंडनें त्यांस कायद्यानें अभय दिलें.

नदीस डेंट्री हें नांव १८७३ सालीं एका भूगर्भशास्त्रज्ञाच्या नांवावरून देण्यांत आलें. पाठोपाठ लांकूडतोडे आले, मग उंसाचे मळे आले, आणि सखल भागांतील पुष्कळ अरण्य गेलें. ज्यांस विषारी बीचें अन्न करतां येत होतें, त्यांचा भूमीवरील हक्क मात्र कोणी विचारला नाहीं. १९८८ सालीं अरण्यास जागतिक वारशाचा मान मिळाला. पण धन्यास घर परत मिळावयास २०२१ साल उजाडावें लागलें. त्या सप्टेंबरांत डेंट्री राष्ट्रीय उद्यानासह १,६०,००० हेक्टरांहून अधिक भूमीची मालकी पूर्व कुकू यालंजी लोकांस देण्यांत आली, आणि सरकारासह तिची व्यवस्था ते पाहूं लागले.

दुपारपर्यंत प्रवासी गांवीं परततो. मगर दिसली नाहीं, कॅसोवरी आडवा आला नाहीं, तरी त्याची फेरी फुकट गेली असें नव्हे. जें रान त्यास सकाळीं नुसती हिरवी भिंत वाटत होतें, त्यांत आतां त्यास अन्न, विष, औषध आणि मर्यादा ओळखूं येऊं लागतात. अरण्य राखावयाचें तर कुंपणाइतकीच ही ओळखही राखली पाहिजे. आणि ती राखावयाची तर ज्यांच्या जिभेवर ती आहे, त्यांस त्यांच्या घरीं मानानें नांदूं दिलें पाहिजे.