दिवसभराचा डोस आणि वाडीतला डिंक



 वसईतल्या या व्यासपीठावरून अध्यक्ष म्हणून आज एकाच विषयावर बोलणार आहे. हृदयरोगावरचे औषध शरीरात सावकाश सोडण्यासाठी वनस्पतीचा आधार कसा घेता येईल, आणि हे काम आपल्याकडे अडते कुठे.

डिल्टियाझेमचे उदाहरण घ्या. साधी गोळी दिवसातून तीन-चार वेळा घ्यावी लागते, कारण काही तासांतच रक्तातले तिचे प्रमाण निम्म्यावर येते. रुग्ण दुपारची गोळी विसरतो, रात्रीची घेण्याआधीच झोपून जातो. म्हणून दिवसातून एकदाच घ्यायची गोळी आली. तिच्यात चोवीस तासांचा साठा असतो आणि तो धरून ठेवण्याचे काम पुष्कळदा झाडापासूनच आलेला पदार्थ करतो. सर्वत्र वापरला जाणारा हायप्रोमेलोज हा कापसाच्या सरकीवरचे आखूड तंतू किंवा लाकडाचा लगदा यांतून काढलेल्या सेल्युलोजवर रासायनिक प्रक्रिया करून बनवतात.

विद्यार्थ्यांनी प्रयोगशाळेत हे डोळ्यांनी पाहावे. ९०० मिलिलिटर द्रव, तापमान ३७ अंश, मिनिटाला ५० फेरे घेणारे वल्हे. अशा भांड्यात सोडलेली गोळी आधी काहीच करत नाही. मग तिच्या कडा काचेसारख्या पारदर्शक होतात, भोवती जेलीचा थर चढतो. दोन तासांनी काढून चिमटीत धरली तर वरून बुळबुळीत लागते, पण ब्लेडने कापली की आत कोरडा, पांढरा गाभा दिसतो. पाणी हळूहळू आत जाते, औषध त्या थरातून वाट काढत बाहेर येते आणि बाहेरचा थर झिजत राहतो. हा थर वेळेआधी फाटला तर दिवसभराचा डोस एकदम रक्तात उतरेल, नाडी मंदावेल, रक्तदाब कोसळेल.

गवार डिंक, चिंचोक्याची पूड, इसबगोल, भेंडीचा चिकट रस हेही पाण्यात फुगतात. चिंचोक्याची खळ तर कापडधंद्यात पूर्वापार वापरात आहे. औषधनिर्माणशास्त्राच्या महाविद्यालयांत या डिंकांवर किती प्रबंध झाले, हे प्राध्यापकांना मी सांगायला नको. बहुतेकांचे निष्कर्ष उत्साहवर्धक असतात आणि बहुतेक कपाटातच राहतात. मला हे खुपते.

याचे कारण गोळीच्या यंत्रात नाही, शेतात आहे. कोवळ्या भेंडीचा रस आणि जून भेंडीचा रस एक नसतो. जमीन, पाऊस, तोडणी, वाळवण बदलले की चिकटपणा बदलतो, वर बुरशी आणि जंतूंचा प्रश्न असतोच. या खेपेला चोवीस तास टिकलेली गोळी पुढच्या खेपेला चौदा तासांत संपली, तर हृदयरुग्णाच्या बाबतीत ते चालणार नाही. ‘नैसर्गिक आहे, म्हणजे निर्धोक आहे’ हे वाक्य आपल्या तोंडी शोभत नाही.

वसईकरांना हे वेगळे समजावून सांगावे लागू नये. हिरव्या केळ्याच्या गरातला पाण्याचा भाग वगळला तर उरते ते बहुतांश स्टार्च. पिकताना त्याची जवळपास सगळी साखर होते. आगाशीकडे राजेळीची सुकेळी करणाऱ्यांना कोणते केळे आज सोलायचे आणि कोणते उद्या, हे हाताला कळते. केळ्याच्या स्टार्चवर काम करणाऱ्या संशोधकाने आधी त्यांच्याकडे जावे आणि ते बोटांनी ओळखतात ते आकड्यांत मांडावे.

मुंबईत हे पूर्वी घडले आहे. सर्पगंधा आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या वापरात होती. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या रुग्णांवर तिचा परिणाम मोजला, नोंदी ठेवल्या आणि १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये त्यावरचा निबंध छापून आला. १९५७ मध्ये त्यांना लास्कर पुरस्कार मिळाला. झाड जुनेच होते. मोजणी नवी होती.

औषधविक्रेत्या मित्रांना एक विनंती. गिळायला त्रास होतो म्हणून घरी आजीची गोळी खलात कुटून पाण्यातून देतात. पट्टीवर एसआर, ईआर किंवा एक्सएल लिहिलेली, म्हणजे औषध सावकाश सोडणारी गोळी कुटली की वर सांगितलेला सगळा बंदोबस्त एका क्षणात मोडतो. अशा गोळीची पट्टी हातात देताना ‘कुटू नका, चावू नका’ हे तोंडाने सांगा. अडचण असेल तर डॉक्टरांकडून दुसरा पर्याय लिहून आणायला सांगा.

आणि महाविद्यालयांपुढे एक प्रस्ताव ठेवतो. नवा डिंक शोधण्याआधी एकच निवडा. माझी पसंती भेंडीला आहे. तीन वाड्या निवडा. प्रत्येक तोडणीची तारीख, शेंगेचे वय, पाऊसमान आणि वाळवणीचे दिवस लिहून ठेवा. रसाचा चिकटपणा आणि जंतूंची मोजणी प्रत्येक खेपेला करा. जिथे गोळी फसली तिथले आकडेही छापा, कारण पुढच्या विद्यार्थ्याला त्यांचाच जास्त उपयोग आहे. शेतकऱ्याला नमुन्याचे पैसे द्या आणि निबंधात त्याचे नाव घाला. जूनमध्ये पेरलेली भेंडी पन्नासेक दिवसांत तोडणीला येते, तेव्हा वाड्या मे महिन्यातच ठरायला हव्यात. ज्या विभागप्रमुखांची तयारी असेल त्यांनी दुपारच्या सत्राआधी नावे द्यावीत.