मटणाचा लाल रंग



छावणीच्या गुरुवारच्या बाजारात मटण घेताना तुकड्यांवरून लालसर पाणी ओघळताना दिसतं. आपण त्याला रक्त म्हणतो. खरं तर रक्त जनावर कापतानाच बहुतेक निथळून गेलेलं असतं. हा रंग स्नायूत ऑक्सिजन साठवणाऱ्या मायोग्लोबिन या प्रथिनाचा. कोंबडीची टंगडी गडद आणि छातीचा तुकडा पांढरट, तेही याच्यामुळेच. दिवसभर चालणाऱ्या पायांना ऑक्सिजन सतत लागतो. क्वचित फडफडणाऱ्या छातीचं त्यावाचून फारसं अडत नाही.

ऑक्सिजन धरतं ते प्रथिनाच्या पोटातल्या हीम नावाच्या रेणूतलं लोह. मग 153 अमिनो आम्लांची एवढी मोठी गुंडाळी कशाला? कारण नुसतं हीम पाण्यात सोडलं, तर ऑक्सिजन त्यातल्या लोहाचा इलेक्ट्रॉन पळवतो आणि ते लोह निकामी होतं. दुकानात बराच वेळ टांगलेलं मटण तपकिरी पडतं, ते याच कारणानं. मायोग्लोबिनमध्ये मात्र ही हानी फार सावकाश होते, कारण हीम ज्या खाचेत बसतं तिथे पाण्याला जवळपास मज्जाव असतो. खाचेत हिस्टिडीन नावाची दोन अमिनो आम्लं आहेत. एक खालून लोहाला धरून ठेवतं, दुसरं वरून ऑक्सिजनला हायड्रोजन बंधाचा आधार देतं. कोळशाच्या धुरातला विषारी कार्बन मोनॉक्साइड मोकळ्या हीमला ऑक्सिजनच्या वीस हजार पट घट्ट चिकटतो. या खाचेत तो जोर दोन-अडीचशे पटींवर येतो. तो वायू खाचेत वाकडा बसतो म्हणून, असं जुनी पुस्तकं सांगत. मला हायड्रोजन बंधाचं कारण अधिक पटतं.

रक्तातलं हिमोग्लोबिन चार साखळ्यांचं. ऑक्सिजनचा दाब पाऱ्याच्या 26 मिलिमीटरच्या आसपास उतरला की त्याचा निम्मा साठा सुटतो. एकट्या साखळीचं मायोग्लोबिन मात्र दोन-तीन मिलिमीटरपर्यंत निम्मा साठा धरून ठेवतं. म्हणूनच ऑक्सिजन रक्तातून स्नायूकडे येतो.

जॉन केंड्रू यांनी 1958 साली मायोग्लोबिनची रचना प्रथम दाखवली, तीही स्पर्म व्हेलच्या स्नायूतून. तासभर बुडी मारणाऱ्या या प्राण्याचं मांस मायोग्लोबिननं काळपट झालेलं असतं. 1962 चं नोबेल त्यांना मॅक्स पेरुट्झ यांच्यासोबत मिळालं. पुढे अधिक बारकाईनं पाहिलं, तर ऑक्सिजनला आत शिरायला वाटच सापडेना! क्ष-किरणांनी टिपलेलं चित्र स्थिर होतं, प्रथिन मात्र सतत हलत असतं. वरचं हिस्टिडीन क्षणभर बाहेरच्या अंगाला झुकतं, तेवढ्यात रेणू आत जातो.